दादाचं गाऱ्हाणं

विषाणू मेंदूत शिरला की तिथल्या पेशी काय करतात, हे मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे. विषय तसा रुक्षच. फळ्यावर बाणामागून बाण काढत जायचं आणि मागच्या बाकांवरच्या जांभया मोजायच्या. म्हणून मी वर्गात शिमगा आणते.

"तुमच्या वाडीत एका घराला आग लागली," मी विचारते, "तर घरवाला आधी काय करेल?"

कुणीतरी म्हणतंच, "बोंब मारेल."

"बरोबर. पेशीही तेच करते."

वर्ग हसतो आणि मग ऐकायला लागतो. विषाणू पेशीत शिरताना आपला आनुवंशिक धागा बरोबर घेऊन येतो. पेशीच्या आत काही राखणदार प्रथिनं असतात, त्यांना हा धागा आपल्या घरचा नाही हे ओळखता येतं. ओळख पटली की एरवी गप्प पडून असलेली जनुकं एकदम चालू होतात आणि इंटरफेरॉनसारखी निरोप्या प्रथिनं भराभरा तयार होऊन पेशीबाहेर पडतात. तो निरोप शेजारच्या पेशींना पोचतो. त्यांच्यापर्यंत विषाणू अजून आलेलाही नसतो, तरी त्या आपापली जनुकं चालू करून दारं-खिडक्या लावून घेतात. मेंदूत तर चेतापेशी, त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी, पहाऱ्यावरच्या पेशी अशा सगळ्याच या बोंबेत सामील होतात. फक्त मेंदूला एक अडचण आहे. दुसरीकडे कुठे चार पेशी मेल्या तर नव्या येतात, मेंदूतली गेलेली चेतापेशी सहसा गेलीच. त्यामुळे बोंब कमी पडली तर विषाणू पसरतो, आणि जास्त झाली तर सुजेनंच नुकसान होतं. आग विझवायला शेजाऱ्यांनी इतकं पाणी ओतावं की मातीची भिंतच बसावी, तसं.

मुलं परीक्षेत "पेशी बोंब मारते" असं लिहून ठेवतात आणि मी निमूटपणे मार्क देते. गेल्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत मला स्वतःच्या या युक्तीचं फार कौतुक होतं. आता तो धडा आला की मी पुस्तकात बघून शिकवते.

माझा दादा माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठा. आई-वडील गेल्यावर गावचं घर, हापूसची कलमं आणि देवाधर्माचं सगळं त्यानं आणि वहिनीनं सांभाळलं. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन रत्नागिरीतच राहिले. गाव गाडीनं फार लांब नाही, तरी माझं जाणं गणपतीला, शिमग्याला आणि आंबे उतरले की. दादाचा स्वभाव टिंगलीचा. कुणाच्या अंगात आलं की तो माझ्या कानाशी म्हणायचा, "बघ गो, आता हिला साडी हवी असणार." पण पालखी दारात आली की हाच माणूस बदलायचा. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले, आणि तोंडातून गाऱ्हाणं असं वाहायचं की पालखी खांद्यावर घेतलेली माणसंही भार विसरून ऐकत राहायची.

ज्यांनी आमच्याकडचा शिमगा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. होळीच्या दिवसांत ग्रामदेवतेची चांदीची रूपं पालखीत बसवतात आणि पालखी ढोलताशाच्या गजरात घरोघर फिरते. अंगणात नाचते, मग थांबते. माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. मग घरातला कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवीपुढे बोलतो, ते गाऱ्हाणं. चाकरमान्यांची राखण कर, गुरावासरांची कर, कलमांची कर, असं एकेक मागायचं आणि प्रत्येक मागणीमागून जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. ते कुठे लिहिलेलं नसतं. वडिलांचं ऐकून मुलानं उचलायचं. दादानं उचललं होतं आणि त्यात स्वतःची भरही घातली होती. मी बारावीला असताना त्यानं माझ्यासाठी देवीकडे थेट टक्केवारी मागितली होती, आणि तीही माझी मलाच लाज वाटेल इतकी.

गेल्या वर्षी पालखी यायच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. दादाला दोन दिवस ताप होता आणि डोकं फार ठणकत होतं.

"व्हायरल असेल," मी म्हटलं. "सगळीकडे चालू आहे. तापाची गोळी द्या, पाणी पाजा. मी उद्या येतेच आहे."

माझं निदान अगदी बरोबर होतं. यापेक्षा बोचणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा दादा पडवीत बसला होता. ताप उतरल्यासारखा वाटत होता, डोळे मात्र तांबारलेले. मला बघून म्हणाला, "बाय, काय तरी जळतंय गो. होमाचा वास येतोय." होम, म्हणजे आमच्याकडची होळी, आदल्या रात्री झाला होता आणि आमच्या घरापासून पुष्कळ लांब. मी म्हटलं, "राखेचा येत असेल." वहिनी म्हणाली, "पहाटेपासून हेच चाललंय, वन्सं. चुलीत बघून झालं, गोठ्यात बघून झालं." मी माझ्या ओटीच्या ताटात नारळ नीट बसतोय का ते बघत होते. नसलेला वास येणं हे कशाचं लक्षण असू शकतं, हे मी त्याच महिन्यात वर्गात सांगितलेलं होतं.

पालखी आली. नाचली, थांबली. दादा पुढे झाला, हात जोडले. "आई माउली…" म्हणाला आणि अडकला. देवीच्या चांदीच्या रूपावर डोळे खिळलेले, ओठ हलतायत, उजवा हात थरथरतोय. "माउली… माउली… माउली…"

ढोल बंद पडला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वारं आलं! आई आली अंगात!"

आमच्या घरात असं कधीच कुणाला झालं नव्हतं, आणि दादासारख्या टिंगलखोराला तर नाहीच. म्हणूनच सगळ्यांचा विश्वास दुप्पट बसला. याच्या अंगात आली म्हणजे खरीच आली. कुणी त्याला पाटावर बसवलं, कुणी कपाळाला कुंकू फासलं. माणसं एकामागून एक पुढे येऊन विचारायला लागली.

खालच्या वाडीतल्या एका म्हातारीचा मुलगा जहाजावर होता. तिनं विचारलं, "आई, माजा झील सुखरूप येल ना?"

"येल ना… येल ना…" दादा म्हणाला. म्हातारी रडायलाच लागली.

मग शेजारचे काका पुढे आले. त्यांचा जमिनीचा दावा बरीच वर्षं पडून होता. "निकाल आमच्या बाजूनं लागेल की नाय?"

"नाय… नाय…"

काकांचा चेहरा पडला. आणि त्या क्षणी मला कळलं. दादा काहीच सांगत नव्हता. ज्याचा त्याचा शेवटचा शब्द तो ज्याला त्याला परत करत होता. काकांनी प्रश्न नीट विचारला असता तर त्यांना हवं ते उत्तर मिळालं असतं.

कळलं म्हणजे किती कळलं, हे मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. पूर्ण कळलं असतं तर मी किंचाळले असते, असं म्हणून सुटता येईल. पण तसं नाही. माझी लेक तेव्हा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्या वेळेला हुकलं तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. विचारायला माझा नंबर आला. ओटीचं ताट हातात घेऊन मी सख्ख्या भावापुढे वाकले आणि विचारलं, "आई, माझ्या लेकीचं होईल?"

शेवटी "होईल" येईल अशी मी काळजी घेतली होती. काकांकडे बघून शिकले होते ना.

"होईल," दादा म्हणाला. "होईल… होईल…"

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय कढत होते.

पालखी पुढच्या घरी गेली. दादाला आत नेऊन निजवलं. वारं उतरलं की माणूस गळून जातो, असं सगळे म्हणाले. त्याला शांत झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती म्हणून मी जेवून परत निघाले. वाटेत लेकीला फोन करून "होईल" सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू आणि हे?" मी म्हटलं, "असू दे गं, कौल चांगला आहे तर कशाला नाही म्हणायचं." गाडीत मी गुणगुणत होते, हेही मला आठवतं. कितीतरी गोष्टी विसरायला होतात, ही होत नाही.

सकाळी वहिनीचा फोन आला तो रडतच. दादाला झटका आला होता, दात आवळले होते, तोंडाला फेस होता. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच कोल्हापूरला हलवायला सांगितलं. आंबा घाट चढताना अँब्युलन्समध्ये मी त्याचा हात धरून बसले होते आणि मनातल्या मनात माझाच धडा पुन्हा पुन्हा वाचत होते. आता राखणदारानं धागा ओळखला असेल. आता जनुकं चालू झाली असतील. नाही, आता कुठलं, ती तर केव्हाच झाली असतील. ताप आला तेव्हा, डोकं ठणकलं तेव्हा, होमाचा वास आला तेव्हा. त्याच्या डोक्यातल्या पेशी दोन-तीन दिवस जिवाच्या आकांतानं बोंबलत होत्या, आणि ती बोंब शिकवण्याचा पगार घेणारी बाई अंगणात उभी राहून लेकीचं भविष्य विचारत होती.

तिथे स्कॅन झालं, पाठीतलं पाणी काढून तपासलं. निघाला तो साधा, आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात मुक्कामाला असणारा विषाणू. ताप येऊन गेल्यावर ओठावर फोड उठवतो, तोच. क्वचित कुणाच्या बाबतीत तो मेंदूत जातो आणि गेला की त्याला कानशिलाच्या आतली बाजू आवडते. वास, आठवणी, शब्द, सगळं तिथेच. शिरेतून औषध सुरू झालं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "हे असं असंबद्ध बोलणं कधी सुरू झालं?"

वहिनी म्हणाली, "काल सकाळी देवी आली होती त्यांच्या अंगात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय शिकवते हे दाखल करताना मीच मोठ्या ऐटीत सांगून ठेवलं होतं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "या औषधाचं कसं असतं, जितकं लवकर तितकं बरं." मी मान हलवली, जणू काही नवीनच ऐकते आहे.

दादा वाचला. हे आधी सांगायला हवं होतं, कारण गावात सगळे हेच आधी सांगतात. तो चालतो, जेवतो, कलमांत फिरतो. कुठलं कलम कुणी कधी बांधलं, कुठलं एक वर्षाआड धरतं, सगळं त्याला माहीत आहे. पण सकाळी फवारणी झाली की नाही हे दुपारी आठवत नाही. बोलता बोलता शब्द निसटतो आणि तो हात पुढे करून थांबतो, जणू कुणीतरी तो हातावर ठेवणार आहे. झटक्यांच्या गोळ्या चालू आहेत. आणि तो दिवस त्याच्या डोक्यातून साफ गेलाय.

"बाय, खरंच आली होती काय गो देवी माझ्या अंगात?" तो मला विचारायचा.

"नाही दादा. ताप होता तुला. मेंदूला सूज होती."

"अस्सं," म्हणायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचा. कधीतरी मी कंटाळून, खरं तर स्वतःलाच कंटाळून, म्हटलं, "लोक म्हणतात तसं." तर त्याचा चेहरा असा उजळला की नंतर "नाही" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

लेकीला प्रवेश मिळाला. गावात चर्चा झाली, देवीचा शब्द खरा ठरला. मी पेढे घेऊन गेले. दादानं पेढा तोंडात टाकला, लेकीच्या पाठीवर थाप मारली, डोळ्यांत पाणी आणलं. मग चहा झाला. मग त्याचं लक्ष पुन्हा खोक्याकडे गेलं आणि त्यानं विचारलं, "कसले गो पेढे?" मी सांगितलं. तो पुन्हा तितकाच आनंदला, पुन्हा पाठीवर थाप. संध्याकाळपर्यंत असं होत राहिलं. प्रत्येक वेळी मला माझी सुवार्ता नव्यानं सांगावी लागली. शेवटी लेकच उठून आत गेली.

गाऱ्हाणं मात्र पार पुसलं गेलं होतं. "आई माउली" एवढंच उरलं होतं, पुढे सगळं कोरं. भावकीत बोलणं झालं की यंदा चुलत्यांच्या थोरल्या मुलानं म्हणावं. दादाच्या कानावर गेलं आणि तो आजारपणानंतर पहिल्यांदाच कडाडून चिडला. "मी मेलोय काय? माझ्या दारात मी म्हणणार." बाकी सगळं विसरायचा, हे विसरला नाही.

मग वहिनीनं शिकवणी घेतली. बायका गाऱ्हाणं म्हणत नाहीत, पण लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी दाराआडून ऐकून ते तिला तोंडपाठ होतं. रोज दिवेलागणीला पडवीत दोघं बसायची. ती एक ओळ सांगायची, तो म्हणायचा. हे मला फोनवर कळायचं. मी रविवारी जायचे तेव्हा त्याच्या गोळ्यांचा डबा तपासायचे, वहिनीला झटक्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावायचे, आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचे. ती शिकवणी मी एकदाही बसून ऐकली नाही.

माझी भीती वेगळी होती. यंदा पालखी येणार, लोक त्याच्याकडे आशेनं बघणार. आणि त्याला तिथेच झटका आला तर पुन्हा कुंकू लावून प्रश्न विचारत बसणार. म्हणून शिमग्याआधी मी वाडीत घरोघर गेले. तो बोलता बोलता थांबला, टक लावून बघायला लागला, एकच शब्द घोळवायला लागला, तर हात जोडायचे नाहीत, गाडी काढायची. सगळे "व्हय व्हय" म्हणाले. जहाजावरच्या मुलाची आई म्हणाली, "पन माजा झील आला हो सुखरूप." मी पुढच्या घरी गेले.

यंदाची पालखी टळटळीत दुपारी आली. दादा सकाळपासून आंघोळ करून, टोपी घालून तयार. मी ओटी भरली पण लक्ष सगळं त्याच्या उजव्या हातावर. ढोल थांबला. तो पुढे झाला.

"आई माउली…"

आणि थांबला.

डोळे चांदीच्या रूपावर खिळले. ओठ हलायला लागले. "माउली… माउली…"

सगळं तेच. तीच जागा, तेच थरथरणं. जहाजावरच्या मुलाची आई गर्दीतून पुढे सरकली आणि तिचे हात जोडले गेले.

पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा उजवा हात पालथा होऊन तोंडावर आला आणि मी बोंब मारली. आमच्याकडे बायका बोंब मारत नाहीत. होमाभोवती बापये मारतात, आणि आम्ही लांब उभ्या राहून हसतो. मी भर दुपारी, देवीच्या पालखीपुढे, घशाच्या शिरा ताणून मारली. कावळे उडाले. भोयांच्या खांद्यावर पालखी हलली. "गाडी काढा!" मी ओरडले. "धरा त्याला! पाडू नका, कुशीवर घ्या!" आणि कुणी धरायच्या आधी मीच झेप घेतली. त्याला दोन्ही खांद्यांना धरून खाली ओढलं. त्याची टोपी धुळीत पडली, उपरणं माझ्या बांगडीत अडकून टरकन फाटलं.

तो गुडघ्यांवर आला. मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"अगो, सोड बाय," तो म्हणाला. "आठवत होतो मी."

वहिनी दारातून हळूच म्हणाली, "वन्सं, हे रोजच तिथं अडतात. थोडं थांबलं की येतं त्यांना."

रोज. रोज ज्या ठिकाणी तो अडत होता, थांबत होता आणि स्वतःच्या बळावर पुढे जात होता, ते ठिकाण मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, माहीत नव्हतं. गेल्या वर्षी बोंब मारायची होती तेव्हा मी वाकून कौल मागितला. आणि यंदा गप्प राहायचं होतं तेव्हा मी सगळं अंगण डोक्यावर घेतलं. उशीर काय करतो ते मी कोल्हापूरला पाहिलं होतं. सूज काय करते ते माझ्या हातात होतं, फाटकं उपरणं.

मी टोपी उचलली, झटकली, त्याच्या डोक्यावर ठेवली. तो उभा राहिला. हात जोडले. "आई माउली…" पुन्हा थांबला. आम्ही सगळे थांबलो. ओठ हलले, पण या वेळी काही आलं नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं. मग हात पुढे करून माझ्याकडे वळला, शब्द मागतो तसा. माझ्याकडे नव्हता. जन्मभर ऐकलेलं गाऱ्हाणं, पण मी ते कधी कानांच्या आत घेतलंच नव्हतं. त्याच्या त्या रिकाम्या हाताकडे बघताना मला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

तेव्हा वहिनी उंबरठा ओलांडून बाहेर आली. पदर डोक्यावरून घेऊन त्याच्या मागे उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज तुजी पालखी आमच्या दारात आली."

"आज तुजी पालखी आमच्या दारात आली," दादा म्हणाला.

क्षणभर सगळे गोंधळले. बाईनं गाऱ्हाणं सांगायचं? मग शेजारच्या काकांनी, ज्यांना दादानं गेल्या वर्षी "नाय" सांगितलं होतं त्यांनी, आवाज दिला, "व्हय म्हाराजा!" आणि मागून सगळे बोलले.

ती सांगत गेली, तो म्हणत गेला. शब्द जसाच्या तसा, सुरासकट परत देत गेला. दर्यात असलेल्यांची राखण कर. मुंबईत असलेल्यांची कर. कलमांवरचा मोहोर टिकू दे. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. आवाज त्याचाच होता, पूर्वीसारखा भरदार.

शेवटी दरवर्षी जे असतं ते आलं.

"लेकरांचं काय चुकलं-माकलं असेल," वहिनी म्हणाली, "तर पोटात घाल."

"लेकरांचं काय चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल," दादा म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं होतं. ढोलवाल्यानं टिपरू उचललं. पण दादा थांबला नाही. "पोटात घाल," तो पुन्हा म्हणाला. चांदीच्या रूपाकडे बघून म्हणाला, मग माझ्याकडे वळून. "पोटात घाल… पोटात घाल…"

हे आजारपण होतं की मागणं, मला ओळखता आलं नाही. वर्गात विचारलं असतं तर मी फळ्यावर काढून दाखवलं असतं. अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते, मी आता ओरडते की काय म्हणून.

मी हात जोडले. "व्हय म्हाराजा," म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा म्हटलं. तो थांबेपर्यंत मी म्हणत राहिले.